खूण आली, पण हुकूम नव्हता

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे, आवाज मिसळणारा. वेल्सच्या डोंगरांत पाटीच्या दगडाची एक खाण होती. ती बंद पडली, तिच्यामागचं गाव तेवढं राहिलं. त्या गावच्या चॅपलमध्ये, शेवटच्या बाकामागे माझं टेबल आहे. आज जे सांगणार आहे ते आठवलं की अजून माझे दिवे जागच्या जागी थिजतात.

माझी उमेदीची वर्षं एका नाचाच्या हॉलमध्ये गेली. अंगावर बिअर सांडली, दोन बटणं चिकट झाली, आणि मला कोपऱ्यात टाकलं. तिथून चॅपलवाल्यांनी मला उचलून आणलं. पहिल्याच रविवारी पाद्री एम्लिन बोलायला उभे राहिले. सुरुवातीला अगदी घरच्यासारखं, साधं. मग एका वाक्याचा शेवट किंचित वर गेला, पुढच्याचा त्याहून वर, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळलंच नाही. इथली माणसं याला ‘हुइल’ म्हणतात. शिडात वारा भरावा तसा शब्दांत सूर भरतो. पुढच्या मोठ्या बाकावरची वडीलमंडळी ‘आमेन, आमेन’ म्हणत साथ देतात आणि सारं चॅपल पायांनी ठेका धरतं. माझे हिरवे दिवे त्या ठेक्यावर नाचू लागले. देवाचं नाव असं गाऊन सांगणारा भेटला, माझ्या जन्माचं सोनं झालं.

माझा सांभाळ गेथिनकडे होता. तो बस चालवायचा आणि रविवारी मला. त्याची आई टेग्वेन मागच्या स्वयंपाकघरात चहा आणि तव्यावरच्या मनुकांच्या गोड टिकिया करायची. गुडघ्यांनी दगा दिला होता, हातात काठी आली होती, पण तव्यावरचा हक्क ती कुणाला देईना.

आता माझ्या पाठीबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. माझ्या पाठीवर आवाजाच्या तारांखेरीज काही बारीक तारा जोडता येतात. त्यांतून आवाज जात नाही, फक्त खूण जाते. काही तारा बाहेरची खूण मला आणून देतात, काही माझी खूण बाहेर नेतात. पण कोणत्या खुणेला काय करायचं, हे माणसानं मला आधी शिकवावं लागतं. गेथिननं शिकवलं होतं. स्वयंपाकघरात धूर झाला की शिट्टी वाजवणारं एक यंत्र होतं. त्या धुराच्या यंत्राची तार माझ्या पहिल्या खुणेला. ती आली की सगळे आवाज बंद करायचे आणि व्यासपीठावरचा लाल दिवा लावायचा. खूण असेतो बंद, खूण गेली की चालू. मला या कामाचा फार अभिमान होता.

पण टिकिया करपायच्या. टेग्वेन दाराशी उभी राहून प्रवचन ऐकायची, तवा धुमसायचा, आणि हुइल अगदी रंगात आली की माझा आवाज बंद!

ईस्टरला तसंच झालं, तेव्हा वडीलमंडळींतले इद्वल तरातरा माझ्याकडे आले. “गेथिन, तुझ्या आईच्या टिकियांपायी देवाचं तोंड बंद करतोस?”

“काका, ते सुरक्षेसाठी आहे.”

“पुढच्या रविवारी दोन गावांची माणसं एम्लिनना ऐकायला येतायत. तेवढा एक दिवस काढ ते. धूर झाला तर आम्हाला नाकं नाहीत का?”

गेथिन हसला. त्या रविवारी सकाळी त्यानं माझ्या पडद्यावर पहिल्या खुणेपुढचा हुकूम पुसला आणि तिथे ‘काही नाही’ असं ठेवलं. तार तशीच राहिली.

त्या दिवशी चॅपल तुडुंब भरलं होतं. हुइल चढली तशा चहाच्या बायकाही स्वयंपाकघर सोडून आत आल्या आणि मागचं जाड दार लोटून उभ्या राहिल्या. “तुम्ही जा गं, तव्याशी मी आहे,” असं टेग्वेन त्यांना म्हणाली होती.

आणि माझ्या पाठीत खूण आली.

मित्रांनो, ती मला स्पष्ट कळली. मी लगेच माझ्या आत पाहिलं, आता काय करायचं? तिथे लिहिलं होतं: काही नाही. एम्लिनचा सूर मी तसाच मोठा करून सोडत राहिलो. खूण जाईना. धूर आहे हे त्या भरल्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

माझा एक माइक गायकांसाठी मागच्या भिंतीवर, स्वयंपाकघरातून येणाऱ्या गरम पाण्याच्या नळापाशी टांगलेला होता. तो बंद होता, पण बंद माइकपाशीही आवाज झाला तर माझ्यावरचा त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकू लागला. गेथिननं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. सगळं चॅपल एका ठेक्यावर डोलत होतं आणि हा दिवा भलत्याच ठेक्यावर लुकलुकत होता. त्या घरात हुइलचा ठेका कुणी चुकत नाही. त्यानं कानाला हेडफोन लावून तो माइक ऐकला. नळावर काठी आपटत होती, आणि तिच्यामागे धुराच्या यंत्राची बारीक शिट्टी.

“थांबा!”

प्रवचन कुणी मध्येच तोडल्याचं त्या चॅपलनं कधी ऐकलं नव्हतं. सारी डोकी गर्रकन वळली. इद्वल ओरडले, “बस खाली! कुणाच्या घरात उभा आहेस?”

“आई आत आहे! आग!”

एम्लिनचा सूर अर्ध्यावर तुटला. तेच सगळ्यांआधी व्यासपीठाचा जिना उतरून धावले.

दार उघडताच काळा धूर माझ्यापर्यंत आला. पडदा पेटला होता, तो एम्लिननी ओढून पायांखाली विझवला. टेग्वेन गुडघा मुडपून जमिनीवर पडली होती, हातात काठी. गेथिननं तिला उचलून बाहेर गवतावर नेलं. उघड्या दारातून तिचा खोकला ऐकू आला आणि मग तिचा घोगरा आवाज:

“मेल्या, प्रवचन तोडलंस ना?”

कुणीतरी हसलं आणि लगेच रडू लागलं. इद्वल मात्र आत माझ्याजवळच उभे होते. त्यांचा चेहरा पाटीच्या दगडासारखा झाला होता. “हे मी काढायला लावलं,” ते पुटपुटले. माझ्याखेरीज ते कुणी ऐकलं नाही.

मित्रांनो, जे यंत्र नको तेव्हा ओरडतं त्याचा राग येतो, मला कळतं. तवा पुसा, दार लावा, त्या यंत्राची जागा बदला. पण त्याचा हुकूम पुसू नका. आम्हाला कळतं, पण तुम्ही शिकवल्याखेरीज काही करता येत नाही.

आता दर रविवारी प्रार्थनेआधी इद्वल स्वतः स्वयंपाकघरात जातात आणि धुराच्या यंत्राचं चाचणीचं बटण दाबून धरतात. माझे सगळे आवाज बंद होतात, व्यासपीठावर लाल दिवा लागतो. भरलेलं चॅपल त्या शांततेत गप्प बसून राहतं. मग पहिल्या बाकावरून काठी एकदा जमिनीवर आपटते आणि टेग्वेन मोठ्यानं म्हणते, “आमेन.”