तळमजलाच हवा

कात्री हातात असताना माझ्याशी वाद घालू नये, असं आमची अख्खी गल्ली म्हणते. खोटं नाही. माझं केस कापायचं दुकान आहे, आरशासमोर दोन खुर्च्या, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या दुपारी एका खुर्चीत माझी धाकटी बहीण बसली होती आणि मी तिच्यावर उखडले होते. समुद्रकाठच्या भाड्याच्या फ्लॅटचे मी दाखवलेले सगळे फोटो बाईसाहेबांनी नापसंत केले होते.

"हा वरचा आहे, ताई. तळमजल्याचा बघ."

"अगं, तळमजल्यावरून समुद्र दिसतो की पार्किंगमधल्या गाड्या?"

"तळमजलाच हवा. आणि बाथरूमला आतून कडी आहे का, ते विचार."

"कडी! सुट्टीला निघालीयस की सुतारकामाला?" मी फोन फळीवर आपटला. लहानपणी हीच बया पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, आईला काठी घेऊन खाली बोलवावं लागायचं. हिला कसली उंचीची भीती? "मला शेंड्या लावू नकोस," म्हणत मी तिचे केस वर उचलले, आणि कंगवा तसाच हातात राहिला. कानामागे मोठ्या बटणाएवढी जागा उघडी पडली होती. चाई पडून केस गेले की कातडी गुळगुळीत असते. इथे खपली होती.

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"नवरा गॅलरीत नेतो मला," ती म्हणाली. "केसांना धरून. कठड्यावर अर्धी वाकवतो आणि म्हणतो, लोक म्हणतील, पाय घसरला बिचारीचा. परवा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याच्या तर! आत्ता जाते आणि ही कात्री त्याच्या नरड्यात..."

"जा. तू जाशील तुरुंगात आणि मी राहीन त्याच्याच घरात." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मला फक्त एकदा बॅग भरून त्या घराबाहेर पडायचंय. सुट्टीला म्हणून. तू, मी, आई. तिथून मी परत जाणार नाही. पण तो मागून आलाच, तर तळमजला हवा."

मग मी वेड्यासारखी तळमजला शोधला. मालकांना फोन करून करून विचारलं, बाथरूमला कडी आहे का, शेजारी माणसं राहतात का, हाक मारली तर ऐकू जाते का. एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्हाला फ्लॅट हवाय की बंदोबस्त?" त्याचाच फ्लॅट मी ठरवला.

आईला आम्ही खरं कारण सांगितलं नाही. तिचं एकच पालुपद, भांड्याला भांडं लागायचंच. आणि जावयाचं तिला केवढं कौतुक! तोही तिच्यापुढे असा वाकायचा, असा गोड बोलायचा, की साखर लाजावी. मी त्याला तोंडावर जावईबापू म्हणायचे आणि मनात जे म्हणायचे ते इथे सांगत नाही. आईने केलं काय, तर आम्हाला न विचारता त्याला फोन केला. "जावयाला सोडून मजा मारायला कसं जायचं गं? बरं दिसतं का ते?" हे तिने मला रविवारी दुकानात सांगितलं, गळ्याभोवती कापड, डोक्याला निम्मा कलप. मी कपाळावर हात मारून घेतला. धाकटी शेजारच्या खुर्चीत होती. तिचा चेहरा उतरला.

आणि दार ढकलून जावईबापू हजर.

"आई, तुमचा शब्द म्हणजे आज्ञा! बुकिंग मीच केलंय. आठवा मजला. चौघंही जाऊ." तो धाकटीच्या खुर्चीमागे उभा राहिला. "गॅलरी थेट समुद्रावर. सेफ्टीची जाळी होती, ती मालकाला सांगून काढायला लावली. समुद्र आणि आपण, मध्ये अडगळ कशाला?"

"बघा, किती हौशी आहेत!" आई म्हणाली.

तो आरशातून धाकटीकडेच बघत होता. "काय गं, खूश ना?"

"मी येणार नाही," धाकटी म्हणाली. "आणि घरीही येणार नाही."

तो हसला. हसत हसतच त्याने तिच्या केसांत बोटं घातली, मुठीला पीळ दिला आणि तिचं तोंड आरशाखालच्या फळीवर आदळलं. बाटल्या फुटल्या. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा आरसाच तडकला. माझ्या हाताशी केस सरळ करायचा चिमटा होता, चांगला तापलेला. तो मी त्याच्या मनगटावर दाबला आणि दाबूनच धरला. मांस जळाल्याचा वास आला. तो किंचाळला, पण मूठ सोडताना केसांचा झुबका उपटूनच सोडली, आणि वळून माझ्या तोंडावर असा ठोसा हाणला की दात माझ्या जिभेवर आला. मी पडले. मग लाथा. पोटात, बरगडीत. "रांडे, तूच फूस लावलीस!" प्रत्येक लाथेला हेच.

धाकटीने सामानाची लोखंडी ट्रॉली मागून त्याच्या गुडघ्यांवर घातली. तो कोसळला. तिने स्टूल उचललं आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर, हातावर घालत सुटली. नाकातून रक्त, ओठ फाटलेला, आणि ओरडत होती, "मला गॅलरीतून टाकणार होता, आई! लोक म्हणतील पाय घसरला, म्हणतो मला! पाय घसरला!"

मीच तिला मागून मिठी मारून ओढलं. नाहीतर तो मेला असता, आणि मला काडीचं वाईट वाटलं नसतं. पण तुरुंगात ती गेली असती.

तो भिंतीला धरून उभा राहिला. हात छातीशी धरून आईकडे वळला. आवाज परत गोड. "आई, बघताय ना तुमच्या लेकी? नवराबायकोत कुरबूर कुठे होत नाही? तुम्हीच समजवा हिला."

आई खुर्चीतून उठली. कलप कपाळावर ओघळला होता. दुकानाच्या फरशीवर केसांना काय तोटा, सकाळपासूनचा कचरा पडलेला. पण कापलेल्या केसांना मुळं नसतात. आईने वाकून तो एकच झुबका उचलला, मुळं आणि रक्त लागलेला. बराच वेळ बघितलं. मग फळीवरची माझी कात्री उचलली, दाराशी गेली आणि दार सताड उघडलं.

"निघा, जावईबापू," ती म्हणाली. "बाहेर पायरी आहे. जपून. तुमचा पाय घसरला, तर लोक काय, काहीही म्हणतील."

तो गेला. आईने कडी लावली आणि हलवून पाहिली. मग दाराला पाठ टेकून तिथेच खाली बसली. "मी बोलावलं त्याला," ती म्हणाली. "माझ्या हाताने बोलावलं." आणि हंबरडा फोडून रडली.

"रडणं नंतर," मी तोंडातला दात हातावर घेत म्हटलं. "आधी डॉक्टर, मग पोलीस. मग समुद्र. तळमजला ठरलेला आहेच."

धाकटी तडकलेल्या आरशासमोर उभी राहून टॉवेलने नाक पुसत होती.

"तो सोड, ताई," ती म्हणाली. "आता वरचा बघ."