उशाखालचा तारा

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. संगमेश्वरच्या काशीराम लोहाराने मला भट्टीत लाल करून ऐरणीवर घडवले आणि मथुरेने मला घरी आणले. फणस असो की नारळ, माझी धार अशी चाले, की शेजारणी मला मागून नेत. काय ते दिवस होते!

१९८३ साली मथुरेची लेक विमला बाळंतपणाला माहेरी आली. ती पोफळी गावच्या शाळेत विज्ञान शिकवी. डॉक्टर म्हणाले, "रक्तात लोह फार कमी आहे. असेच राहिले तर बाळंतपण जड जाईल."

बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायची आमच्याकडे रीतच. मथुरेने घरी येताच मला घासले आणि विमलाच्या उशाखाली सरकवले.

विमलाला हसू आवरेना. "आये, लोखंड उशाखाली नाय गो, पोटात जायला हवं!"

"मग काय कोयता खातेस?"

त्या संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात बसून विमलाने आईला समजावले, तेव्हा माझे खरे कूळ मला कळले. वायूचा एक अफाट ढग स्वतःच्याच भाराने आवळत गेला, तापला आणि तारा होऊन पेटला. तो सूर्याहून कितीतरी मोठा होता. हलके अणू जुळून जड अणू होत, त्यातून त्याला ऊब मिळे. शेवटी पोटात लोखंड साठले. लोखंड जुळवून ऊब मिळत नाही. चूल विझली, गाभा कोसळला आणि तारा फुटला. त्याची धूळ अवकाशात उधळली. तसल्याच धुळीतून पुढे सूर्य झाला, पृथ्वी झाली.

"या कोयत्यातलं नि माझ्या रक्तातलं लोखंड तिथलंच, आये."

 पण दुसऱ्या दिवशी अबोलीला पाणी घालताना मथुरेला आळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या सापडल्या. मळमळते म्हणून विमला त्या गुपचूप टाकत होती.

"अबोलीचं रक्त कमी झालंय काय गो? एवढा तारा फुटला, नि तू त्याला आळ्यात पुरलंस?"

विमलाने मान खाली घातली आणि गोळी गिळली. मग रोज गिळली. मथुरा पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राही.

मार्गशीर्षात मुलगी झाली. दोघी सुखरूप. कळांच्या वेळी विमलाचा हात उशाखाली गेला आणि तिने माझी मूठ घट्ट धरली, हे मी कुणाला सांगितले नाही.

आता माझी मूठ ढिली झाली आहे. मागीलदारी गंजत पडलो आहे. मित्रांनो, जमले तर खोबरेल तेलाचे एक बोट माझ्यावर फिरवा. आणि घरात कुणाला लोहाची गोळी दिली असेल, तर ती गिळेपर्यंत समोरून हलू नका. मथुरा हलली नव्हती.