पहिल्या गिअरला मागे जाणारा ट्रॅक्टर

फिटरने पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि ट्रॅक्टर मागे गेला. नुसता गेला नाही, तर बायकोचं तार गुंडाळायचं वायंडिंगचं मेज, त्यावरच्या पंपाच्या मोटारी आणि तांब्याच्या तारेचं रीळ असं सगळं ढकलत भिंतीला टेकला, तेव्हाच थांबला.

"अहो, काय जुना हिशेब चुकता करताय का?" बायको वेळेवर बाजूला झाली होती म्हणून बोलू शकली.

"अगं, पहिलाच टाकला होता."

"बरं झालं. तिसरा टाकला असतात तर शेजारच्या सुताराकडे पाहुणचाराला गेलो असतो."

फिटरने गिअरची दांडी पाहिली. ती जागेवर होती. रिव्हर्स टाकला, तर ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकला. म्हणजे मागे जायला तीन गिअर आणि पुढे यायला एक. तीस वर्षांत असं यंत्र त्याच्या पाहण्यात आलं नव्हतं.

ट्रॅक्टर शेतातला नव्हता. ठेंगणा, जाड बांध्याचा, पिवळा; साठ वर्षांपूर्वी एका गोदामात मालाच्या गाड्या ओढायला आणलेला. यंत्रसंग्रहालयाने तो फिटरकडे पाठवला होता आणि सोबत एक तक्ता दिला होता. कारखान्याच्या मूळ पुस्तकाशी ताडून जे वेगळं दिसेल ते लिहायचं आणि पुढे 'बदल' किंवा 'बिघाड' यांपैकी एका रकान्यात खूण करायची. समजून-उमजून केलेला तो बदल, तो राहणार. बिघाड मात्र कापून काढायचा. तक्ता गुरुवारी द्यायचा होता आणि मंगळवारची दुपार उलटून गेली होती.

खरी पंचाईत वेगळीच होती. त्या गोदामात फिटरचे सासरे मिस्त्री होते. एक दिवस नवा व्यवस्थापक स्वतः या ट्रॅक्टरवर बसला, ट्रॅक्टर खोक्यांच्या थप्पीवर आदळला, एक हमाल कायमचा लंगडा झाला. चौकशीत 'मिस्त्रीने केलेली चुकीची जोडणी' असा शेरा पडला आणि सासऱ्यांना घरी बसवलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. मरेपर्यंत सायकली दुरुस्त केल्या. आता तोच शेरा जावयाच्या हातून पुन्हा पडायची वेळ आली होती.

"माझ्या तोंडाकडे बघून लिहू नका," बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बिघाड असेल तर बिघाड लिहा." पण तो तक्ता हातात घेई तेव्हा तिच्या वायंडिंगच्या यंत्राचा खडखडाट थांबे.

रेडिएटरचा पंखा उलटा बसवलेला होता. हवा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकत होता. धुराचं नळकांडं वाकवून ट्रॅक्टरच्या नाकाकडे नेलं होतं. मोठे दिवे मागच्या चिखलरोधकांवर, तेही मागे तोंड करून. पुढे एकच बारका दिवा. सीटच्या मागे, चाकांच्या धुऱ्याच्या घरावर, दोन लोखंडी खुंट वर आले होते आणि त्यांना काहीही जोडलेलं नव्हतं. फिटरने पंख्यापुढे पेन्सिलीने 'बिघाड' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

बुधवारी सकाळी त्याने उजेडासाठी ट्रॅक्टर ढकलून त्याची शेपूट दाराकडे केली आणि मागचा धुरा उघडला. आतलं मोठं दातेरी चाक विरुद्ध बाजूला बसवलेलं होतं. म्हणूनच चाकं उलटी फिरत होती. शिकाऊ माणसाकडून होते ती ही चूक. एकदा केली की उस्तादाच्या शिव्या आयुष्यभर लक्षात राहतात. फिटरला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. सासरे हयातीत त्याच्या प्रत्येक कामात खोट काढायचे.

मग चाकामागचे वॉशर हातात आले. ते विकतचे नव्हते. हाताने कापून, घासून, केसाइतक्या फरकाने जुळवलेले. दात इतके सारखे झिजले होते की हे चाक असंच वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं असणार.

"डोकं चालेनासं झालंय," तो म्हणाला. "चूक आहे म्हणावं तर एवढी सफाई कशाला? सफाई आहे म्हणावं तर उलटं कशाला?"

"बाबा सफाईदारच होते. भांडणसुद्धा सफाईने करायचे." बायको ट्रॅक्टरवर चढत होती. मंगळवारची तार मागच्या चाकात गुरफटली होती, ती सोडवायला. स्टिअरिंगकडे पाठ करून ती सीटवर उलटी बसली, खाली वाकली आणि तार ओढू लागली. "पाय ठेवायला मात्र छान सोय केलीय."

फिटरने वर पाहिलं. तिचे दोन्ही पाय त्या दोन खुंटांवर होते.

"हलू नकोस."

"का? विंचू आहे का?"

"नाही. तशीच बस. समोर काय दिसतंय?"

"तुमचं टक्कल. आणि दार."

तिच्या पुढे मोठे दिवे होते. धुराचं नळकांडं तिच्या पाठीमागे दूर गेलं होतं, उलटा पंखा इंजिनाची धग तिच्यापासून लांब फेकणार होता. पहिला गिअर टाकला असता तर ती दाराकडे, सरळ समोर गेली असती. अरुंद गोदामात वळायला जागा नसेल; वळणारी चाकं मागे राहिली की गाडी थोडक्या जागेत फिरते, म्हणून मिस्त्रीने अख्खा ट्रॅक्टरच शेपटीकडून चालणारा केला होता. खुंटांवर पूर्वी क्लच आणि ब्रेकची पेडलं असणार, स्टिअरिंगही तेव्हा इकडेच वळवलेलं असणार. फिटर दोन दिवस पुढचं तोंड पुढे धरून शोधत होता.

"मग सीट का सरळ?" बायकोने विचारलं. ती खाली उतरली.

त्याने सीट सोडवली. खाली भोकांचे दोन संच. उलट्या बाजूची भोकं झिजून लांबट, गुळगुळीत. सरळ बाजूच्या भोकांच्या कडेला रंगसुद्धा उडालेला नव्हता. कुणीतरी सीट, स्टिअरिंग आणि पेडलं पुस्तकाबरहुकूम सरळ केली, आत काय आहे ते न विचारता. आणि त्यानंतर ट्रॅक्टर फारसा चाललाच नाही.

"व्यवस्थापकाने केलं," बायको म्हणाली. "लिहा. बाबांना न विचारता त्याने केलं."

"बोल्ट बघू दे."

"बाबा खूण म्हणून आपल्या बोल्टाच्या डोक्यावर कानशीने चर मारायचे. सायकलींनाही मारायचे. ते शोधा."

पंख्याच्या बोल्टांवर चर होता. दिव्यांच्या, धुऱ्याच्या, सगळ्या बोल्टांवर होता. सीटचे चार बोल्ट फिटरने चिंधीने पुसून मेजावर ओळीने मांडले. तीन कोरे निघाले. चौथ्यावर चर होता.

बायकोने तो उचलून उजेडाकडे धरला.

"जुनाच पडलेला असेल, उचलून लावला असेल कुणी," फिटर म्हणाला.

"किंवा सीट फिरवताना बाबा तिथेच असतील. वरून हुकूम आला असेल. आणि आतलं चाक उलटं आहे हे सांगायचं राहिलं असेल." ती थांबली. "की सांगितलं आणि ऐकलं नाही? म्हणून गप्प राहिले की चुकले म्हणून गप्प राहिले?"

फिटरने कानामागची पेन्सिल काढली. त्याने तक्ता ओढला. पंखा, बदल. दातेरी चाक, बदल. दिवे, नळकांडं, खुंट, बदल. सीट, स्टिअरिंग, पेडलं, बिघाड, उलट्या बाजूला बसवावीत.

"व्यवस्थापकाचं नाव?" तिने विचारलं.

"जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही."

"बरं." तिने पदराने हात पुसले. "मग जे पाहिलंत ते तरी सगळं लिहा. चौथा बोल्टही."

"अगं, त्या बोल्टाचं कुणी विचारणार नाही. तो लिहिला तर लोक पुन्हा बाबांवरच..."

"लिहा म्हणते ना."

त्याने लिहिलं: सीटचे बोल्ट चार, पैकी एकावर मिस्त्रीची खूण, कारण माहीत नाही. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि तार गुंडाळायला घेतली. तार ठिकठिकाणी मुडपली होती, तरी ती गुंडाळतच राहिली.