मुरब्याला या कधीतरी

रविवारी सकाळी पावणेआठला शिरोमीचा मेसेज आला : मी बोईसर स्टेशनात उतरले. तुझ्या घरी कशी येऊ?

रात्रपाळी संपवून तेजल मुरबे या मासेमारीच्या गावातल्या घरात नुकती टेकली होती. औषधाच्या कारखान्यात रात्रभर उभी राहून पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तिने मेसेज दोनदा वाचला आणि फोन उशीवर पालथा टाकला.

शिरोमी श्रीलंकेची. गेल्या वर्षी स्वस्तातलं विमान गाठून तेजल एकटीच तिकडे हिंडायला गेली होती. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात बायका मासळी सुकवत होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली आणि कुणी न सांगता मासळी उलटायला लागली. तिच्या हाताची सवय बघून बायका हसल्या. त्यांतल्या शिरोमीने तिला चार रात्री घरात ठेवून घेतलं. निघताना तेजल मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्या मुरब्याला या कधीतरी." मुरब्यात हे सगळ्यांनाच म्हणतात. खरंच उठून कुणी येत नाही.

शिरोमी आली होती. बौद्ध यात्रेच्या टूरबरोबर नालासोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत पोचली आणि एका रात्रीसाठी गटातून सुटून निघाली. उद्या टूर चेन्नईला परतणार होती.

आणि इथे घरात सुतक. बाबांचे चुलते वारून पाच दिवस झाले होते. जेवण शेजारून येत होतं, ओटीवर भावकीतल्या बायका बसून होत्या. तेजलने लिहिलं : घरी अडचण आहे. बोईसरला लॉज मिळेल. माफ कर. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

"कोनाला लिवतंस? झोप ना बाय," आई चंद्रकांता म्हणाली.

"ती शिरोमी. जिच्याकडे राहिलेली. बोईसरला आलीय."

"आता?" चंद्रकांता भिंतीला टेकली. तीही पाच दिवस धड झोपली नव्हती. "सुतकात कुठं पावना आनतंस. त्यांच्यात असलं काय नसंल, तिला कलनार पन नाय."

"असतं. त्यांच्यात गल्लीभर पांढरे बावटे लावतात. मी गेले तेव्हा लावलेले. मला वाटलं जत्रा हाय, फोटो काढले मी."

"मंग?"

"शिरोमीचा सासरा गेलेला. निघायच्या आदल्या दिवशी कळलं मला."

चंद्रकांता भिंतीपासून सरळ झाली.

"चार दिस जेवलीस त्या घरात."

"हो."

"आनि तिला लॉज दाखवतंस."

चंद्रकांताने धाकट्या मुलाला हाक मारली. "प्रीतम, गाडी काढ. बोईसरला जा."

"वलखू कशी? पाटी धरून उभा ऱ्हाऊ?"

"फोटो दाव गो त्याला. आमी खातो तोच वरनभात खाईल."

"आये, त्या ओटीवरच्या काकी?" तेजलने विचारलं.

"बोलू दे. पाच दिस बोलतातच हायत."

तेजलने दुसरा मेसेज टाकला : थांब, भाऊ येतोय. एकच खूण उमटली. फोन लावला तर बंद. प्रीतम कुंभवलीच्या रस्त्याने बोईसरला निघून गेला.

साडेनऊला त्याचा फोन आला. स्टेशनच्या दोन्ही बाजू पाहून झाल्या होत्या. एक रिक्षावाला म्हणाला, "एक लेडी थी, मुरबे पूछ रही थी. फिर मोबाइल देखा और अंदर चली गयी." कोणत्या फलाटावर गेली, ते त्याने पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत दुसऱ्या मेसेजखाली एकच खूण होती. प्रीतम अजून स्टेशनातच होता.