‘ब’च्या पुढचे अक्षर

बजाबाईंनी आयुष्यात कोणाचे ‘नको’ ऐकून घेतले नव्हते. मुलाचे नाही, सुनेचे नाही, आणि नवऱ्याचे, आबासाहेबांचे, तर मुळीच नाही. संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा सरता सरता आबासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलण्याची आशा फार धरू नका. हे वाक्य बजाबाईंनी उंबरठ्याबाहेरच उभे केले. डॉक्टरांचे दुसरे म्हणणे तेवढे पदरी बांधले: रोज मालिश करा, रक्त फिरते राहील, सांधे आखडणार नाहीत, झोप लागेल.

“रोज म्हणजे रोज,” त्यांनी मौलाला बजावले. “ईद असो की अमावस्या.”

मौला बाळीवेशीतल्या तालमीतला मालिशवाला. आबासाहेब ऐन उमेदीत कुस्त्या मारत, तेव्हापासून ते अंग त्याच्या हाताखालचे. आता दोघेही सत्तरी ओलांडलेले. तालमीचा एक रिवाज मौला अजून पाळी: पैलवान ‘बास’ म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही, आणि ‘बास’ म्हटल्यावर क्षणभरही ठेवायचा नाही. आता आबासाहेबांना बोलता येत नव्हते, म्हणून थांबायचे केव्हा ते बजाबाई सांगत. लवकर कधी सांगत नसत.

“मालक, हत्तीला बी एवढं तेल लागत न्हाय,” करडईचे कोमट तेल पाठीवर जिरवता जिरवता मौला म्हणे.

“तुझी जीभ थांबली तर हात चालतील,” बजाबाई सुनावत. आबासाहेबांच्या डाव्या गालावर हसू उमटे.

गुण येतही होता. आठ महिने अंथरुणावर काढूनही पाठीला एक फोड नव्हता. उजव्या हाताची वळलेली मूठ सैल झाली होती. डॉक्टरांनी चादर बाजूला करून पाहिले आणि म्हणाले, “आजी, अशी निगा मी फार थोड्या घरांत पाहिली.” बजाबाईंनी ही शाबासकी हक्काचे येणे असल्यासारखी स्वीकारली.

मग नवरात्रात, दुसऱ्या माळेला, आबासाहेबांचे ओठ एकमेकांना टेकले आणि सुटले. “ब…”

बजाबाईंच्या हातातला तांदळाच्या पेजेचा चमचा तसाच राहिला. त्यांनी सुनेला हाक मारली. “उत्कर्षा! ऐकलंस? माझं नाव घेताहेत!”

बावन्न वर्षांच्या संसारात आबासाहेबांनी ‘बजा’ ही हाक चारचौघांत कधी मारली नव्हती. ती फक्त दोघांपुरती होती. आता ते सर्वांदेखत हाक मारू पाहत होते, आणि बजाबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी मालिश रोज दोन वेळा करवली. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सोमवारची गाडी ठरवली. “अक्षर फुटलंय, आता नाव फुटायला किती वेळ?” पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला, नाव पुरे झाले की गल्लीत वाटायचा. त्याच दिवसांत आबासाहेब चमचा पाहून तोंड मिटू लागले होते. “लहान मुलासारखं काय करता?” म्हणून बजाबाई हनुवटी दाबून घास भरवत.

नवव्या माळेला सकाळी मौला उजवा खांदा चोळत होता. ओठ जुळले. “ब…”

बजाबाई वाकल्या. “म्हणा. ब-जा.”

“बा…” आबासाहेबांच्या कपाळावर घाम आला. “…स.”

तव्यावर पडल्यासारखा मौलाचा हात उचलला गेला.

“हात का काढलास?”

“मालक बास म्हनले, वैनीसाब.”

“काहीतरीच! जीभ अडखळली त्यांची. चालू दे.”

मौलाने आपले तेलकट पंजे मांडीवर पालथे ठेवले. “पन्नास वर्सं ह्या तोंडचं बास ऐकलंय मी. आठ दिस झाले, त्येच म्हनत व्हते. तुमी एवढ्या खुशीत व्हता, माजी जीभ रेटली न्हाय.”

“आठ दिवस तुला कळत होतं? आणि तू चोळत राहिलास?”

“तुमी कुटं बास म्हनला?”

अशा उत्तराला बजाबाईंनी एरवी माणूस दाराबाहेर काढला असता. आज त्या पलंगावर बसल्या, वाटीतले तेल स्वतःच्या तळव्यावर घेतले आणि खांद्याला लावले. जमेल तसा दाब दिला. मौलाच्या हाताखाली भरल्यासारखा दिसणारा खांदा प्रत्यक्षात नुसते हाड होता. हे त्यांना आठ महिन्यांत कळले नव्हते.

आबासाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. कुस्तीच्या शेवटच्या फडावरून घरी आले होते, हरून, तेव्हा असेच पाहिले होते.

“बास,” ते म्हणाले. मग बराच वेळ ओठांशी झगडून, “…बजा.”

स्वयंपाकघरातून उत्कर्षा धावत आली. “आत्या! नाव घेतलं मामांनी! मी ऐकलं! पेढे आणू?”

बजाबाईंचा तळवा खांद्यावर तसाच होता. रिवाजाप्रमाणे तो उचलायला हवा होता. तो उचलायला त्यांना सारे बळ एकवटावे लागले.

“पंचा आण,” त्या म्हणाल्या. “आणि सोमवारची गाडी नको म्हणून कळव.”

“पण आत्या—”

“त्यांनी नको म्हटलंय.”

त्यांनी पंच्याने खांद्यापासून एकेका बोटापर्यंत तेल टिपले, कुठेही दाब न देता. मौला वाटी झाकून उठला आणि दारापाशी घुटमळला.

“मौला, उद्या ये.”

“मालिश न्हाय ना, वैनीसाब?”

“नाही.” बजाबाईंनी पंच्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. “नुसता बसायला ये. तो हत्तीचा विनोद सांग त्यांना. मी मध्ये बोलणार नाही.”