पाण्याची पाळी

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून प्रेमानंद न झोपता, दुपारी लेकीला, रचनाला घेऊन तसाच खजुराच्या बागेत आला होता. एके काळी ही कुणा बड्या व्यापाऱ्याची लागवड. आता सगळ्यांना मोकळी. बोलायचं एकच होतं. तिनं शाळा सोडून सात महिने झाले, आता चंद्रपूरला आत्याकडे राहायचं, बारावी करायची. एजंटनं विमानाचं तिकीट एक वाजेपर्यंत धरून ठेवलं होतं.

"मला नाही जायचं, पप्पा."

"इथं राहून काय करणार? मोबाईल?"

"तुम्ही तरी काय करता? झोपता नि कामावर जाता!"

रागात तिनं पाणी अडवायला पाटात कोंबलेल्या फडक्यालाच लाथ मारली. फडकं निघालं आणि पाणी भसकन लिंबांकडे वळलं.

"खलास! खलास!" म्हातारा माळी ओरडत आला. "अभी खजूर का पानी है! लिंबू का टाइम नहीं!"

प्रेमानंद हात जोडत राहिला. माळ्यानं रचनालाच खाली बसवलं. तिनं फडकं कोंबलं, वर चिखल थापला. जमिनीत रोवलेली काठी दाखवून तो म्हणाला, "मैं नमाज को जाता. छाया इस पत्थर पर आएगा, तब खोलना. पहले नहीं."

"इसको बोलो ना," रचनानं बापाकडे बोट दाखवलं.

"तूने निकाला, तू बैठेगा."

ती बसली. काय कटकट! सावली हलता हलत नव्हती. चिखल नखांत वाळला. मागं बाकड्यावर प्रेमानंद बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं, एक चप्पल गळून पडलेली. टाच किती भेगाळलीय, हे तिला आत्ताच दिसलं.

त्याच्या मांडीवरच्या मोबाईलवर एजंटचा मेसेज चमकला. बारा पन्नास.

एक हाक पुरली असती. रचनानं तोंड उघडलंही. मग मिटलं.

सावली दगडाला टेकली. तिनं फडकं काढलं. पाणी लिंबांकडे गेलं.

प्रेमानंद दचकून उठला. "किती वाजले?"

"सव्वा."

"उठवलं का नाहीस?"

"झोपला होतात."

"म्हणून? की तिकिटासाठी?"

रचनानं हात पाण्यात धुतले. "दोन्ही."

प्रेमानंदनं मेसेज वाचला, फोन खिशात टाकला, चप्पल शोधली.

"उद्या परत बोलू एजंटशी," तो म्हणाला. "तू गाडीत जागी राहा फक्त. मला डुलकी लागली तर ओरड."

"ओरडेन," ती म्हणाली.