हळदीकुंकवात घेतलेली नावं

माझ्या तोंडाला आवर नाही, असं अख्खं देवास म्हणतं. म्हणो बापडं! आवर घालून काय मिळालं? आई गेली, मावशी गेली, गेल्या साली धाकटी बहीण कमल गेली, आणि तिघींच्या बाबतीत लोकांना सांगितलं काय, तर ‘ताप आला होता.’ ताप कसला डोंबलाचा! तिघींच्याही छातीत गाठ होती. कमलची दिवाळीत सुपारीएवढी होती, ती शिमग्याला फुटून वाहायला लागली.

तिला इंदूरला नेलं तेव्हा विनोदिनी डॉक्टरीण भेटल्या. म्हणाल्या, "दुर्गाबाई, काही घरांत हा कॅन्सर तरुणपणीच येतो नि झपाट्यानं नेतो. का, ते कळल्याशिवाय औषध कुठून काढायचं? मुंबईत संशोधन चाललंय, पण बायकांची माहिती कोणी देतच नाही. नात्यातल्या बायकांची नावं द्या. माहेरची द्या, म्हणजे रक्त कुठून आलं ते समजेल."

घरी हे सांगितलं, तर ताई अंगावरच आली. सुभद्राताई माझी थोरली बहीण. दोघी एकाच घरात दिलेल्या, म्हणून जावाही.

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या सुमंगलेला स्थळ आलंय. गाठीचं घराणं म्हटल्यावर कोण करून घेईल पोरीला?"

"आणि उद्या तिलाच गाठ आली म्हणजे?"

"जीभ झडो तुझी!"

तिचे यजमान, विश्वासराव भावजी, ओसरीवरूनच गरजले, "घर की बात घर में रहेगी. समजलं?"

बघू राहते का, म्हटलं मी मनात.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवल्या हरभऱ्यांची ओटी, सगळं यथासांग केलं. सुमंगलेला सून म्हणून मागणी घातलेल्या यमुनाबाई धारहून आल्या. विनोदिनीबाईंना मी इंदूरहून बोलावलं होतं, कोणाला न विचारता.

नाव घ्यायची वेळ आली. "घे गं दुर्गे, नवऱ्याचं नाव!" बायका हसत होत्या.

मी उभी राहिले. "नवऱ्याचं नाव जन्मभर घेतेय. आज दुसरी घेते. आमची आई, माहेरची विठा. छातीच्या गाठीनं गेली. मावशी, माहेरची काशी. गाठीनं गेली. आमची कमल. गाठीनंच गेली, तापानं नाही! तुमच्यातही कोणी अशी गेली असेल तर तिचं नाव घ्या. या बाई लिहून घेतील. चोऱ्या केल्या होत्या का त्यांनी, लपवायला?"

ताईनं माझा पदर ओढला. "बस खाली, मेले!"

मी कसली बसते!

यमुनाबाई उठल्या. ओटीचे हरभरे पाटावर ओतले आणि पायात वहाणा सरकवून चालू पडल्या.

"मोडलं पोरीचं लग्न," ताई म्हणाली. "झालं समाधान?"

पोरीचं वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? पण म्हटलं, "नाही झालं. मला सुमंगला जिवंत हवीय."

मग शेजारची सोनारीण हळूच म्हणाली, "माझी बहीण. सरस्वती." मागून आणखी एक नाव आलं. डोळ्यांना पदर लावून आणखी एक. विनोदिनीबाई लिहीत होत्या.

"गोदा," ताई म्हणाली.

विनोदिनीबाईंनी विचारलं, "या केव्हा गेल्या?"

"गेले नाही अजून. इथंच बसलेय."

गोदा हे ताईचंच माहेरचं नाव. माझ्या हातातून पन्ह्याचा पेला सुटला. "अगं, बोलली का नाहीस? केवढी आहे?"

तिनं ओटीतला एक हरभरा उचलून दाखवला.

विनोदिनीबाई पुढं सरसावल्या. "गाठ एवढी लहान असताना आमच्यापर्यंत कोणी आलंच नाही आजवर. आज निघालात तर काही करता येईल. आणि तुमच्यावरून आम्हालाही शिकता येईल."

"काय तमाशा मांडलाय?" दारात विश्वासराव भावजी उभे होते. "मी काय सांगितलं होतं?"

"ते मागाहून सांगा," मी म्हटलं आणि ताईचा हात धरून तिला उठवलं. "आधी टांगा बोलवा. इंदूरची गाडी चुकता कामा नये."